चमचमीत खाऊन वजन आटोक्यात: तेल, कूट, खोबरं आणि भाताचं नेमकं माप

मोजूनमापून

वजन वाढलं की पहिली कुऱ्हाड भातावर पडते, मग तुपावर, मग सणाच्या गोडावर. दोन-तीन महिने पाणचट दुधीवर काढले जातात, काटा खाली येतो आणि गणपती आले की पुन्हा होता तिथे. या धाग्यात रोजचं मराठी जेवण, सणवार, चिवडा, मिसळ सगळं ताटात ठेवून वजन कसं राखायचं ते मापांसकट लिहूया. "कमी खा" एवढंच लिहू नका. किती ग्रॅम, किती चमचे, ते लिहा.

मापं आधी ठरवू. लहान चमचा ५ मिली, मोठा चमचा १५ मिली, वाटी १५० मिली. घरातला पोह्यांचा चमचा दहा ते पंधराच्या मध्ये कुठेही असतो, तो एकदा पाण्याने मोजून ठेवा. स्वयंपाकघरात १ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा असेल तर महिनाभर तरी वापरा. पुढे नजर बसते.

मराठी घरात वजन चढतं ते तीन अंदाजांमुळे. फोडणीत तेल अंदाजाने, भाजीत दाण्याचं कूट आणि खोबरं मुठीने, आणि भात-पोळी आग्रहाने.

यातलं सगळ्यात मोठं तेल. ५ मिली तेल म्हणजे साडेचार ग्रॅम, म्हणजे ४० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटर. यात तूप, लोणी सगळं धरलेलं आहे. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर पेनने तारीख लिहा. महिन्याला पाच लिटर संपत असेल तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. जास्तीचं दीड लिटर म्हणजे माणशी रोज १०० कॅलरी. नुसत्या हिशोबाने ते वर्षाला साडेचार-पाच किलो होतात. शरीर थोडं जुळवून घेतं म्हणून प्रत्यक्षात वाढ त्याहून कमी दिसते, पण काटा वरच जातो.

ध्येय काय धरायचं? भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८.५ ते २२.९ हा योग्य पट्टा. उंची १६० सेंमी असेल तर साधारण ४७ ते ५८ किलो, १७० सेंमी असेल तर ५३ ते ६६. त्याच्या जोडीला कंबर मोजा: पुरुषांची ९० सेंमीच्या आत, बायकांची ८० सेंमीच्या आत. बीएमआय ठीक आणि पोट सुटलेलं, असं आपल्याकडे फार दिसतं, म्हणून टेप काट्याइतकीच महत्त्वाची.

कढलं_आणि_पळी

चांगला धागा. तेलाबद्दल लिहितो, कारण "एक चमचा तेलात फोडणी होत नाही" ही तक्रार नेहमीची आहे आणि ती खरीही आहे. मोठ्या कढईत लहान चमचाभर तेल घातलं तर ते पसरतं, पापुद्र्याइतकं पातळ होतं. मोहरी त्यात बुडत नाही, कोरडीच भाजते, तडतडायच्या आधी करपते. मग माणूस वैतागून तेलाची धार धरतो.

यावरचा उपाय जुनाच आहे: लोखंडाचं कढलं किंवा फोडणीची खोलगट पळी. पळी जरा तिरकी धरली की चमचाभर तेल एका कोपऱ्यात साचतं आणि मोहरी त्यात पूर्ण बुडते. तेलात एकच दाणा टाकून बघा. तो लगेच उडाला तर बाकीची मोहरी घाला. तडतड थांबत आली की जिरं, मग हिंग, मग कढीपत्ता-मिरची. गॅस बंद केल्यावर हळद, कारण एवढ्या थोड्या तेलात ती दोन-तीन सेकंदांत करपते आणि कडवट लागते. ही फोडणी शिजलेल्या आमटीवर, कोशिंबिरीवर, पिठल्यावर वरून ओतायची आणि दोन मिनिटं झाकण ठेवायचं. सुरुवातीला घातलेल्या फोडणीचा वास शिजता शिजता उडून जातो. वरून घातलेली ताटात येईपर्यंत टिकते. म्हणून चार माणसांच्या आमटीला दोन लहान चमचे तेल पुरतं.

फळभाज्यांसाठी झाकणावर पाणी. खोलगट ताटली उपडी न ठेवता तशीच ठेवा, तिच्यात अर्धी वाटी पाणी घाला. आतली वाफ ताटलीच्या गार बुडाला लागून भाजीवर परत ठिबकते, भाजी स्वतःच्या पाण्यात शिजते, खाली लागत नाही. पाणी घालायची वेळ आलीच तर ताटलीतलंच घाला, ते गरम झालेलं असतं. गार पाणी ओतलं की फरसबी, गवार वातड होतात. अर्धा किलो भाजीला मोठा चमचाभर तेल यात आरामात पुरतं.

ही युक्ती भेंडीला चालत नाही. झाकलं की तार सुटते आणि ती मोडायला लोक आणखी तेल घालून परततात. भेंडी धुऊन, कापडावर पूर्ण कोरडी करून मग चिरा. रुंद लोखंडी तव्यावर एका थरात पसरा, झाकू नका, पहिली पाच-सात मिनिटं कमीत कमी हलवा. दोन आमसुलं मध्येच, मीठ अगदी शेवटी.

शेवगाशेंग

छान लिहिलंत. एक शंका. मिसळीच्या कटाला तर्री हवीच. वऱ्हाडी रश्शावरही तेलाचा लाल थर नसेल तर पाहुणे नाराज होतात. कमी तेलात रंग येतच नाही. काय करावं?

कढलं_आणि_पळी

रंग येतो, फक्त तिखट कधी घालता त्यावर तो अवलंबून आहे. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ नाही. आपण तिखट मसाल्यात आधी घालतो, मग पाणी ओततो, आणि रंग दिसेना म्हणून तेल वाढवत जातो.

चार माणसांच्या कटासाठी: कांदा-खोबरं कोरडंच तव्यावर किंवा आचेवर भाजा, पाणी घालून गंधासारखं वाटा. एक मोठा चमचा तेलात आलं-लसूण आणि हे वाटण परता. खाली लागायला लागलं की पाण्याचा हबका मारत राहा, तेल घालू नका. मग मटकीचं पाणी ओतून पंधरा मिनिटं उकळा. शेवटी कढल्यात आणखी एक मोठा चमचा तेल तापवा, गॅस बंद करा, वीस-तीस सेकंद थांबा. चिमूटभर तिखट टाकून बघा. हळू फेसाळलं आणि लालच राहिलं तर तेल बरोबर आहे. काळवंडलं तर अजून थांबा. मग दोन लहान चमचे ब्याडगीचं तिखट घालून लगेच कटावर ओता. ब्याडगी रंगाला जास्त, तिखटाला कमी. तिखटपणा वाटणातल्या लवंगी मिरचीतून आणा.

एकूण तेल ३० मिली, माणशी ६० कॅलरी. रंग वर तरंगतो आणि डोळ्यांना तर्री पूर्ण दिसते.

मिसळीत खरं वजन फरसाणाचं असतं. मूठभर फरसाण ५० ग्रॅम भरतं, म्हणजे अडीचशेच्या वर कॅलरी. वीस ग्रॅम घ्या, तेही खाताना वरून, कुरकुरीत असतानाच. तळाशी भिजून गेलेल्या फरसाणाची चवही लागत नाही. त्याऐवजी मटकी वाढवा: माणशी कोरडी ३० ग्रॅम, मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त भरते.

गोधडी

ज्वारीची भाकरी सुरू केली की वजन उतरतं म्हणतात. पोळी पूर्ण बंद करावी का?

मोजूनमापून

बंद करायचं कारण नाही. १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि १०० ग्रॅम कणीक यांच्या कॅलरी जवळजवळ सारख्याच, सव्वातीनशे ते साडेतीनशे. फरक नगात आहे. घडीची पोळी ३०-३५ ग्रॅम कणकेची असते. हातावरची मोठी भाकरी ७०-८० ग्रॅम पिठाची. म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांहून थोडी जास्तच. "दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या" असा बदल केला तर वजन वाढेल, आणि लोकांचं वाढतंही.

भाकरीची जमेची बाजू वेगळी आहे. तिला तेल लागत नाही, ती चावायला वेळ लागतो, आणि गरम भाकरीबरोबर पिठलं, पालेभाजी, ठेचा, ताक असंच ताट सहसा येतं. ५० ग्रॅम पिठाची भाकरी थापायची सवय करा. पातळ भाकरी फाटते ती दोन कारणांनी. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणून दळण पंधरा दिवसांपुरतंच आणा. दुसरं म्हणजे ज्वारीत गव्हासारखा चिकट भाग नसतो, त्यामुळे पाणी उकळतं लागतं. अर्ध्या पिठात उकळतं पाणी घालून झाकून ठेवा, पाच मिनिटांनी उरलेलं पीठ घालून तळहाताने रगडून मळा.

पोळीत तेल घडीत आणि वरून अशा दोन ठिकाणी जातं. दहा पोळ्यांना दोन लहान चमचे तेल वाटीत आधीच काढून ठेवा आणि तेवढ्यातच बसवा. बरणीत बोटं घातली की हिशोब संपला.

आणि भात. आपल्याकडे मूद पाडायची पद्धत आहे. ते मापच आहे, फक्त वाटी बदला. १५० मिलीच्या वाटीची मूद साधारण ११०-१२० ग्रॅम भाताची, म्हणजे दीडशे कॅलरी. लहान, १०० मिलीची वाटी मुदीसाठी ठेवा. पहिली मूद वरणाला, शेवटची ताकाला. दोन्ही भात खाल्ल्याचं समाधान मिळतं आणि बेरीज दोनशेच्या आत राहते. पहिल्या वाफेच्या भातावरचं लहान चमचाभर तूप काढू नका. ते जिभेला थेट लागतं. काढायचं असेल तर भाजीतलं तेल काढा, ते कुणाला कळतही नाही.

मटकी_उसळ

सगळे पिष्टमय पदार्थांवर बोलत आहेत, पण चार वाजता फरसाणाचा डबा उघडला जातो त्याचं मूळ दुपारच्या जेवणातल्या प्रथिनांत आहे. आपली आमटी पातळ असते. माणशी १५ ग्रॅम डाळ, म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅम प्रथिनं. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम लागतात, ६० किलोला ५० ग्रॅम.

जुळवणी अशी करा. चार माणसांच्या वरण-आमटीला १२० ग्रॅम डाळ: माणशी ३० ग्रॅम, सहा-सात ग्रॅम प्रथिनं. एका वेळेला उसळ किंवा पिठलं, तेही माणशी ३० ग्रॅम कोरडं कडधान्य किंवा बेसन: आणखी सहा-सात. दही २०० ग्रॅम: सहा-सात. पोळी, भाकरी, भात मिळून दिवसाला पावणेदोनशे ग्रॅम धान्य: पंधरा-सोळा. मूठभर फुटाणे: चार-पाच. चाळिशीपर्यंत पोचलात. उरलेल्यासाठी दोन अंडी, किंवा शंभर ग्रॅम मासे, किंवा शाकाहारी असाल तर दह्याऐवजी एकदा चक्का-पनीर.

पिठलं आणि झुणका यांतला फरक ध्यानात ठेवा. पातळ पिठलं चार माणसांना दोन-तीन लहान चमचे तेलात होतं. कोरडा झुणका मोकळा व्हायला त्याच्या तिप्पट तेल मागतो. रोजच्याला पिठलं, झुणका कधीतरी.

मालवणी_चूल

किनारपट्टीचं लिहिते. आमच्याकडे तेल कमी असतं, पण खोबरं मोजलं जात नाही. १०० ग्रॅम ओलं खोबरं साडेतीनशे-चारशे कॅलरींच्या घरात. चार माणसांच्या आमटीत अख्खा नारळ गेला, वर सोलकढीला अर्धा, की माशांचं जेवण हलकं राहत नाही.

आमटीला अर्धा नारळ धरा. दाटपणा कमी पडेल त्यासाठी वाटणात धणे, भिजवलेले चमचाभर तांदूळ आणि अर्धा कांदा घाला. तांदूळ वाटण धरून ठेवतात, रस आणि पाणी वेगळं होत नाही. सोलकढीला पहिलं दाट दूध एकच वाटी, त्यात आगळ किंवा आमसुलाचं पाणी दोन वाट्या, लसूण-मिरची ठेचून. पेल्याऐवजी वाटीत वाढा.

बांगडा, तारली यांना स्वतःची चरबी असते, ते तव्यावर दोन लहान चमच्यांत खरपूस होतात. रवा लावायचा तर मासा आधी कोरडा पुसा. ओल्या माशाला रव्याचा जाड थर बसतो आणि तो थर स्पंजासारखं तेल ओढतो. तवा पूर्ण तापल्याशिवाय मासा ठेवू नका आणि एक बाजू सुटेपर्यंत उलटू नका. चिकटला की लोक तेल सोडतात, तिथेच सगळं जातं.

एकादशी

उपवासाबद्दल कुणीच लिहिलं नाही. महिन्यातून सहा-सात उपवास करूनही वजन वाढण्याचं कारण साबुदाण्याची खिचडी. एका ताटलीत ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, मोठा चमचाभर तूप, अर्धा बटाटा: पाचशे कॅलरी, आणि साबुदाण्यात प्रथिनं नसल्यातच जमा. दोन तासांनी पुन्हा भूक.

खिचडी करायचीच तर मोकळी करा, म्हणजे तूप कमी लागेल. गिच्च खिचडी सोडवण्यासाठीच जास्त तूप जातं. साबुदाणा तीन पाण्यांनी चोळून धुवा, वरचं पीठ निघून गेलं पाहिजे. निथळून, दाण्यांच्या पातळीपर्यंतच पाणी ठेवून पाच-सहा तास झाका. दोन बोटांत दाबल्यावर दाणा पूर्ण चेपला पाहिजे, मध्ये कण लागला तर पाण्याचा एक हबका. कूट, मीठ, साखर कढईत न घालता आधीच साबुदाण्याला चोळा. कूट दाण्यांभोवती बसलं की ते एकमेकांना चिकटत नाहीत. मग दोन माणसांना दोन-तीन लहान चमचे तूप पुरतं. साबुदाणा माणशी ४५ ग्रॅम घ्या आणि बरोबर वाटीभर खमंग काकडी.

त्याहून बरी वरी. ४० ग्रॅम वरी तिप्पट पाण्यात फुलून ताटली भरते, १३५ कॅलरी. २५ ग्रॅम दाण्यांची आमटी १४०, वर चमचाभर तूप ४०. सव्वातीनशेच्या आत पोटभर जेवण, वर आठेक ग्रॅम प्रथिनं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास किंवा एखादं जेवण गाळणं सुरू करू नये. औषध तेच आणि जेवण कमी झालं की साखर धोकादायक खाली जाते.

गोधडी

दीक्षितांसारखं दोनदाच जेवावं, की दिवेकरांसारखं दर दोन तासांनी थोडं थोडं?

मटकी_उसळ

डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदा जेवा आणि ५५ मिनिटांत संपवा म्हणतात. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी ठरावीक अंतराने थोडं थोडं, घरचं, तुपासकट खा म्हणून सांगितलं. दोन्हींत चहा-बिस्किट, येता-जाता शेव, उरलेलं संपवणं हे मधलं खाणं बंद होतं, आणि फायद्याचा मोठा भाग तिथून येतो असं माझं मत. जेवणात दोनशे-अडीचशे कॅलरींनी जास्त वाढून घेणारा दोनदा खाऊनही उतरत नाही. आणि दर दोन तासांनी "थोडं" म्हणून वाटीभर चिवडा खाणाराही नाही. तुमची नोकरी, झोप आणि औषधं कशात बसतात ते बघून ठरवा.

मधल्या खाण्यातला चहाच बघा. मलईचं दूध ५० मिली आणि दोन लहान चमचे साखर म्हणजे पाऊणशे कॅलरी, चार कप तीनशे. टोन्ड दूध आणि एक चमचा साखर केली की चार कपांचे पावणेदोनशे-एकशेऐंशी. साखर एकदम तोडू नका, दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी करा आणि आलं, गवती चहा वाढवा. साखरेऐवजी गूळ घातल्याने कॅलरी वाचत नाहीत. ग्रॅमला ग्रॅम दोन्ही जवळपास सारखेच.

संध्याकाळच्या भुकेला ओली भेळ: कुरमुरे २० ग्रॅम, फुटाणे २० ग्रॅम, कांदा-टोमॅटो-कैरी हवी तेवढी, शेव १० ग्रॅम. मोठा वाडगाभर होते आणि कॅलरी सव्वादोनशे-अडीचशे. चिंचेच्या चटणीत गूळ हात राखून घाला.

पुरणयंत्र

सणांचं लिहितो, कारण याच दिवसांत लोक "आज सगळं माफ" म्हणतात आणि ते आज पंधरा दिवस चालतं.

पुरणपोळी. १०० ग्रॅम हरभराडाळ आणि १०० ग्रॅम गूळ यांचं साधारण ३०० ग्रॅम पुरण होतं. एका मध्यम पोळीत ६० ग्रॅम पुरण (१४५), २५-३० ग्रॅम कणीक (९५), वर दोन लहान चमचे तूप (८०): सव्वातीनशे. दोन पोळ्या खाव्यात, तूप सोडून खाव्यात, फक्त त्या दिवशी त्यांनाच जेवण समजावं: बरोबर कटाची आमटी, कोशिंबीर, भाजी. चूक होते ती भजी, कुरडया, मसालेभात आणि मग पुरणपोळी या क्रमात. भूक भज्यांवर जाते आणि पोळी आग्रहावर. आधी पोळी वाढा.

पुरण डाळीच्या सव्वापट गुळानेही करतात. डाळीच्या पाऊणपट गूळ घेतला तरी पोळी गोड लागते, जर जायफळ-वेलची ताजी असेल आणि पुरणात चिमूटभर मीठ घातलं तर. गूळ कमी केला की पुरण लवकर कोरडं होतं, म्हणून ते उलथनं उभं राहील इतपतच आटवा. जास्त आटवलं तर पोळी लाटताना कडेला पोचत नाही.

उकडीचा मध्यम मोदक: तांदळाची पिठी २० ग्रॅम, ओलं खोबरं २० ग्रॅम, गूळ १२ ग्रॅम, साधारण १९०. तीन मोदक आणि वरण-भाताची लहान मूद हे जेवण झालं.

श्रीखंडाला चक्क्याइतकीच साखर घालायची रीत आहे. दही आंबट असलं की तेवढी लागतेच. दही पाच-सहा तासांत लागलं की लगेच फ्रिजमध्ये टाका आणि टांगायचं तेही फ्रिजमध्येच, म्हणजे आंबटपणा वाढत नाही. मग १०० ग्रॅम चक्क्याला ६० ग्रॅम साखर पुरते. शंभर ग्रॅममागे १६० कॅलरी वाचतात.

आमरस बिचारा उगाच बदनाम आहे. साखर न घातलेली वाटी शंभर कॅलरींची. बरोबरच्या चार पुऱ्या साडेतीनशे-चारशेच्या. रसाबरोबर पोळी खा, दुसरी वाटी रस घ्या.

तळणाचं तेल किती जातं हे एकदा तरी मोजा. तळायच्या आधी कढईतलं तेल वजन करून घ्या, गार झाल्यावर पुन्हा करा. वजा झालेले ग्रॅम भागिले नग, गुणिले नऊ. वड्यात किती जातं ते कुणाच्या तक्त्यापेक्षा तुमच्या कढईला जास्त ठाऊक. जास्त जात असेल तर बघा: तेल पुरेसं तापलेलं नाही (१७०-१८० अंश हवं), एका वेळी जास्त नग सोडले म्हणून तापमान पडलं, किंवा पिठात सोडा जास्त पडला. सोड्याने आवरणाला जाळी पडते आणि त्या जाळीत तेल बसतं.

शेवगाशेंग

दिवाळीच्या चिवड्याचं प्रमाण द्या ना, पातळ पोह्यांच्या.

कढलं_आणि_पळी

पातळ पोहे ५००, शेंगदाणे १००, डाळं ७५, सुक्या खोबऱ्याचे काप ५० ग्रॅम, तेल ७५ मिली म्हणजे पाच मोठे चमचे. पोहे चाळून दोन तास उन्हात, किंवा ओव्हनला १२० अंशांवर पसरट ताटात दहा-बारा मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. बोटांनी चुरले की आवाज आला पाहिजे. इथे घाई केली तर चिवडा तिसऱ्या दिवशी चिवट होतो. कढईत भाजायचे तर मंद आच. मोठ्या आचेवर पोहे आकसतात आणि पीठ पडतं.

तेलात आधी शेंगदाणे, मग खोबरं, मग डाळं एकेक परतून झाऱ्याने काढा. उरलेल्या तेलात मोहरी, भरपूर मिरच्या आणि कढीपत्ता. दोन्ही अगदी कोरडे कुरकुरीत होईपर्यंत, कारण मिरचीतलं राहिलेलं पाणीच चिवडा मऊ करतं. हिंग, गॅस बंद, हळद. मग पोहे, काढलेले जिन्नस, मीठ आणि पिठीसाखर घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटं खालीवर करा. १०० ग्रॅमला साडेचारशेच्या आत कॅलरी. २५ ग्रॅमची वाटी शंभर-एकशेदहाची. डब्यातून थेट खाऊ नका, वाटीत काढा आणि डबा बंद करून ठेवा.

डेट्रॉईटकर

परदेशातल्यांसाठी भर. इथला कप २४० मिलीचा, आपली वाटी १५०. मराठी पाककृतीतली "एक वाटी कूट" कपाने मोजली की दीडपटीहून जास्त पडतं. गोठवलेलं किसलेलं खोबरं घेताना बिनसाखरेचं बघा. केकच्या सामानाजवळ ठेवलेल्या सुक्या किसात बहुधा साखर असते. विकतचे गोठवलेले पराठे पोळीच्या जागी धरू नका, त्यात तेल आधीच मळलेलं असतं. पाकिटावर नगाचं वजन आणि स्निग्धांश लिहिलेला असतो, तो वाचा.

मोजूनमापून

काट्याबद्दल राहिलं. सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, रोज त्याच काट्यावर वजन करा, पण निर्णय आठवड्याच्या सरासरीवर घ्या. मिसळ, पापड, लोणचं झालं की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसू शकतो. ते मिठाने धरलेलं पाणी असतं. ते चरबी समजून उपाशी राहायचं कारण नाही. सरासरी दीड किलोने वर गेली आणि दोन आठवडे तिथेच राहिली तर तेलाच्या पिशवीवरची तारीख आणि मुदीची वाटी तपासा. उतरवायचं असेल तर आठवड्याला अर्धा किलोच्या वर जाऊ नका. त्याहून घाईत स्नायूही जातात.

चालण्याकडून काय मिळतं त्याचा अंदाज नीट ठेवा. ६५ किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला की अडीचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, म्हणजे तूप लावलेली एक पुरणपोळीही पूर्ण नाही. तरी चालायलाच हवं, उतरलेलं वजन टिकवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं चाला आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा: उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं.

गोधडी

शेवटचा प्रश्न. वाटीभर कोशिंबीर दोन्ही वेळा खायची ठरवली आहे, पण डब्यात नेली की दुपारपर्यंत पाणी पाणी होतं.

मालवणी_चूल

मीठ घरी घालू नका, पाणी मिठाने सुटतं. छोट्या डबीत मीठ, चिमूट साखर आणि चमचाभर कूट (१० ग्रॅम, ५५ कॅलरी) वेगळं न्या, जेवताना मिसळा. कूटही आधी घातलं तर भिजून लगदा होतं. काकडी किसू नका, चोचवून घ्या किंवा बारीक चिरा. डब्यासाठी काकडीपेक्षा कोबी, गाजर, मुळा चांगले टिकतात. त्यात दोन मोठे चमचे भिजवून पूर्ण निथळलेली मूगडाळ घाला. भाजीला जे थोडं पाणी सुटतं ते डाळ ओढून घेते. अर्धा चमचा तेलाची हिंग-मोहरीची फोडणी सकाळीच वरून घालून, ती पूर्ण गार झाल्यावर डब्याचं झाकण लावा. गरम असताना लावलं तर झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी खाली पडतं.